पाळक, उपदेशक आणि वडीलजनांस खुले पत्र : देवाशी चाललेल्या देवघेवीविषयी

मंडळीचे आदरणीय पाळक, उपदेशक आणि वडीलजन यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

आपल्या उपदेशावर ज्यांचा विश्वास पोसला गेला अशा असंख्य सभासदांपैकी मी एक आहे, आणि त्या ऋणाची जाणीव ठेवूनच हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे, की ज्या गोष्टीविषयी मला बोलायचे आहे ती कोणा एका मंडळीपुरती किंवा एका उपदेशकापुरती नाही. आपल्या प्रार्थनासभांत, साक्षींत, अर्पणाच्या आवाहनांत आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेल्या बोलण्यात एक हिशेब हळूहळू रुजत चालला आहे. आपण देवाला उपास, दशमांश, रात्रभराच्या प्रार्थना, मंडळीतली कामे असे काही द्यावे आणि देवाने त्याबद्दल नोकरी, संतती, आरोग्य किंवा अडलेल्या कामात यश असे काही परत करावे, असा तो हिशेब आहे. इतक्या उघड्या शब्दांत तो कोणी मांडत नाही, हे मान्य आहे. ऐकणारा मात्र तो असाच घरी घेऊन जातो, आणि अपेक्षेप्रमाणे परतफेड झाली नाही की त्याच हिशेबाने स्वतःला किंवा देवाला दोषी ठरवतो. या हिशेबातून आपण आम्हांला बाहेर काढावे, एवढीच माझी विनंती आहे. कारण तो मनात चालू असेपर्यंत देवावर प्रीती करणे आणि शेजाऱ्याची निरपेक्ष सेवा करणे या दोन्ही गोष्टी आमच्या हातून होणार नाहीत.

हा प्रश्न पवित्र शास्त्रात सर्वांत थेटपणे विचारला आहे तो सैतानाने. ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव ईयोबाच्या सात्त्विकतेविषयी बोलतो, तेव्हा सैतान विचारतो की ईयोब देवाचे भय काय फुकट बाळगतो. त्याच्याभोवती कुंपण आहे, त्याच्या हातच्या कामाला यश आहे, ते काढून घे आणि मग पाहा. हा आरोप केवळ ईयोबावर नाही. माणूस देवावर देवासाठी प्रीती करूच शकत नाही, जी काही भक्ती दिसते ती मिळणाऱ्या लाभाची किंमत असते, असा तो साऱ्या मानवजातीवरचा आणि एका अर्थी देवावरचाही आरोप आहे. कारण तो खरा असेल तर देव स्वतःसाठी प्रीती करण्याजोगा नाही असेच ठरते. पुढचे सारे पुस्तक या एका आरोपाचे उत्तर आहे, आणि हे लक्षात ठेवले म्हणजे आपल्या उपदेशांतली काही वाक्ये ऐकताना धडकी भरते. भक्ती करा म्हणजे कुंपण मजबूत राहील, असे आपण सांगतो तेव्हा सैतानाचा आरोप आपण स्वतःच कबूल करून टाकलेला असतो.

ईयोबाची संपत्ती, मुले आणि आरोग्य सारे गेले तेव्हा त्याच्याकडे आलेले त्याचे तिघे मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, हे वाईट लोक नव्हते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत, आणि मला वाटते की त्यांनी केलेली सर्वांत चांगली सेवा तीच होती. ते बोलू लागले तेव्हा त्यांनी देवाची बाजू घेतली: देव न्यायी आहे, तेव्हा दुःख आले त्या अर्थी पाप झाले असणार, पाप सोड, देवाकडे वळ, म्हणजे पूर्वीची भरभराट परत येईल. हा उपदेश वरवर निर्दोष आहे आणि आजही तो जसाच्या तसा ऐकू येतो. तरीही शेवटच्या अध्यायात देवाचा कोप भडकतो तो याच उपदेशकांवर, कारण ते देवाविषयी यथार्थ बोलले नाहीत. आणि ज्याने देवाला तोंडावर प्रश्न विचारले, ज्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, तो ईयोब मात्र यथार्थ बोलला असे देव म्हणतो.

याच शेवटच्या अध्यायाचा पुष्कळदा उलटा उपयोग केला जातो. ईयोबाला सारे दुप्पट मिळाले, म्हणून धीर धरा, तुम्हांलाही दुप्पट मिळेल, असा उपदेश आपण अनेकदा ऐकला असेल. त्या अध्यायातला क्रम मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. "मी तुझ्याविषयी कानांनी ऐकले होते, आता मात्र डोळ्यांनी तुला पाहत आहे," अशा अर्थाचे उद्गार ईयोब काढतो तेव्हा तो अजून धूळ आणि राखेतच बसलेला आहे. एक मेंढरू परत आलेले नाही, अंगावरचे एक गळू बरे झाल्याचे सांगितलेले नाही, आणि पुढे काही परत मिळेल असे देवाने त्याला सांगितलेलेही नाही. सैतानाचे तोंड बंद झाले ते त्या क्षणी. त्यानंतरची गोष्ट आणखी लक्षणीय आहे: ईयोबाची स्थिती पालटली ती त्याने आपल्या मित्रांसाठी, ज्यांनी त्याला छळले त्यांच्यासाठी, प्रार्थना केली तेव्हा. देवाशी हिशेब मिटलेला माणूस प्रथम दुसऱ्याच्या सेवेला लागतो, हे त्या पुस्तकाने किती शांतपणे दाखवून ठेवले आहे.

मला येथे एका गोष्टीची कबुली आनंदाने द्यावीशी वाटते. सौदा करणाऱ्यांना देव लाथाडत नाही. बेथेल येथे रात्री दगड उशाला घेऊन निजलेल्या याकोबाला देवाने काही न मागता वचन दिले होते: मी तुझ्याबरोबर आहे, तू जाशील तेथे तुझे रक्षण करीन, तुला या देशात परत आणीन. त्यात एकही अट नव्हती. सकाळी उठून याकोबाने त्याच वचनाला अटी जोडल्या. देव माझ्याबरोबर राहील, मला अन्न आणि वस्त्र देईल, मी सुखरूप घरी परत येईन, तर परमेश्वर माझा देव होईल आणि मी त्याला दशमांश देईन, असा नवस त्याने केला. जे फुकट मिळाले होते त्याची किंमत ठरवण्याची त्याला घाई झाली होती. देवाने त्याला सोडले नाही. पुष्कळ वर्षांनी, आपला भाऊ एसाव याच्या भेटीच्या भीतीने घाबरलेला तोच याकोब प्रार्थना करतो की तू दाखवलेल्या दयेला मी मुळीच पात्र नाही, हातात एक काठी घेऊन मी ही यार्देन ओलांडली होती. त्या प्रार्थनेत तो जुन्या नवसाचा एक शब्दही काढत नाही. देवाने स्वतःहून दिलेल्या वचनाचीच तो आठवण करून देतो. हा प्रवास व्हायला त्याला अर्धे आयुष्य लागले, आणि आम्हांलाही लागेल. मूल नसलेल्या हन्नेचेही तसेच. मूल दिलेस तर तुलाच वाहीन, असा तिचा नवस होता. पण ती मन मोकळे करून उठली तेव्हा मूल पोटात नसतानाच तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. तेव्हा नवस करणाऱ्या, रडून मागणाऱ्या, घाबरून काहीतरी कबूल करणाऱ्या माणसाला आपण हिणवावे असे मी म्हणत नाही. माणसाची जी अवस्था आहे ती देव सोसतो. तिलाच विश्वासाचा कळस म्हणून व्यासपीठावरून शिकवणे ही वेगळी गोष्ट आहे.

ज्या वचनावर ही शिकवण सर्वाधिक टेकलेली आहे ते मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले आहे: सगळा दशमांश भांडाराकडे आणा आणि माझी प्रतीती पाहा, मी आकाशकपाटे उघडून आशीर्वाद ओततो की नाही. हे वचन देवाचे आहे आणि ते खोटे नाही. परंतु ते अध्यायातून उपटून घेतले की त्याचा अर्थ पालटतो. पाचच वचने मागे, त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात, देव न्याय करायला येत आहे तो मजुराची मजुरी अडवणाऱ्यांचा, विधवेला आणि अनाथाला छळणाऱ्यांचा, परक्याचा हक्क बुडवणाऱ्यांचा. भांडारात दशमांश आणायचा तो माझ्या मंदिरात अन्न असावे म्हणून, असे वचनच सांगते. आणि हे अन्न कोणासाठी ते अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात लिहिले आहे. तेथे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश वतन नसलेला लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून गावातच ठेवायचा आहे. म्हणजे दशमांश रोखणे हे भुकेल्याचे ताट रोखणे होते, आणि देवाने त्याला चोरी म्हटले ते त्यामुळे. मलाखीचा तो अध्याय येथेच संपत नाही. चौदाव्या वचनात लोक म्हणतात की देवाची सेवा करणे व्यर्थ आहे, त्याचे विधी पाळून आम्हांला काय लाभ झाला. आणि या बोलण्याला देव आपल्याविरुद्धचे कठोर शब्द म्हणतो. ज्या अध्यायाच्या आधारे आम्हांला लाभाचे गणित शिकवले जाते त्याच अध्यायात लाभाच्या गणिताने देवाचे मन दुखावल्याचे लिहिले आहे, आणि तरीही दहाव्या वचनावर थांबून पुस्तक मिटले जाते.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राविषयीही असेच म्हणावे लागते. जो हात राखून पेरतो तो त्याच मानाने कापणी करील, हे नवव्या अध्यायातले वाक्य वैयक्तिक समृद्धीचे बी म्हणून उद्धृत होते. पौल ते लिहीत होता तेव्हा तो यरुशलेमातल्या गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करीत होता. उदाहरण म्हणून त्याने मासेदोनियातल्या मंडळ्या पुढे ठेवल्या, ज्या स्वतः अत्यंत दारिद्र्यात होत्या आणि देण्याची संधी मिळावी म्हणून त्याला विनवीत होत्या. त्या दिल्यामुळे श्रीमंत झाल्या असे तो कोठेही म्हणत नाही. कापणी कशासाठी तेही त्याने सांगितले आहे: तुम्ही सर्व प्रकारच्या औदार्यासाठी संपन्न व्हावे म्हणून. ज्याला मिळेल त्याने पुढे द्यावे आणि समानता व्हावी, असा त्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांचा ओघ आहे, आणि त्याच्या मुळाशी ख्रिस्त आहे, जो धनवान असता आपल्यासाठी दरिद्री झाला.

प्रभूच्या शिष्यांनाही हिशेब सुटत नव्हता. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात पेत्र विचारतो: आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हांला काय मिळणार? प्रभू त्याला झिडकारत नाही. शंभरपटीचे आणि सार्वकालिक जीवनाचे अभिवचन देतो. मार्काच्या शुभवर्तमानात त्याच शंभरपटीबरोबर छळणूकही मोजली आहे, याचाही उपदेश व्हायला हवा. मग लगेच प्रभू द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला सांगतो. पहाटे आलेल्यांनी मजुरी ठरवून घेतली होती. नंतर आलेले मालकाच्या "योग्य ते देईन" या शब्दावर कामाला लागले. संध्याकाळी सर्वांना सारखाच रुपया मिळाला आणि ज्यांनी ठरवून घेतले होते तेच कुरकुरू लागले. त्यानंतर प्रभू आपल्या वधस्तंभाविषयी बोलतो, आणि ते बोलणे संपते न संपते तोच जब्दीच्या पुत्रांची आई उजवीकडची आणि डावीकडची जागा मागायला येते. या साऱ्याच्या शेवटी, विसाव्या अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या वचनात, मनुष्याचा पुत्र सेवा करून घेण्यास नाही तर सेवा करण्यास व पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण देण्यास आला, असे आपण वाचतो. "आम्हांला काय मिळणार" या प्रश्नापासून त्या वचनापर्यंतची वाट मत्तयाने एका सलग कथनात आखून दिली आहे. ती सलग वाचून दाखवली, तुकडे केले नाहीत, तर वेगळ्या उपदेशाची फारशी गरज उरणार नाही.

आपल्यासारख्या जबाबदारीच्या जागी असलेल्यांपुढे उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला वडील भाऊ ठेवण्याचे धाडस करतो. तो कोठेही गेला नाही, त्याने बापाचे काही उधळले नाही, आणि मंडळीत आपण ज्याला आदर्श म्हणू असाच तो आहे. पण बापाशी बोलताना त्याच्या तोंडून निघते ते असे, की इतकी वर्षे मी तुमची चाकरी केली, तुमची आज्ञा मोडली नाही, आणि तुम्ही मला कधी एक करडूही दिले नाही. घरात राहूनही तो मोलकऱ्यासारखा राहिला. बापाचे उत्तर किती प्रेमळ आहे: बाळा, तू तर नेहमी माझ्याबरोबर आहेस, आणि माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे. ज्याचे सर्व आहे त्याला करडाचा हिशेब ठेवावा लागला, कारण बापाची संगत हेच वैभव आहे हे त्याला कळले नव्हते. आणि म्हणूनच परत आलेल्या भावाला मिठी मारणे त्याला जमले नाही. हिशेबी भक्ती शेवटी भावाच्या वाट्याला कठोरपणा बनून येते, हे मी वर्षानुवर्षे निष्ठेने सेवा करून कडवट झालेल्या माणसांत पाहिले आहे, आणि त्यांच्याविषयी मला राग नसून कळवळा वाटतो, कारण त्यांना तसेच शिकवले गेले होते.

मंडळीच्या इतिहासात ही लढाई पुन्हा पुन्हा लढली गेली. पैसे देऊन पवित्र आत्म्याचा अधिकार मागणाऱ्या शिमोनाला पेत्राने फटकारले. पैसे घेऊन दीक्षा देण्यास इ.स. ४५१ च्या खाल्कीदोन येथील परिषदेने बंदी घातली. १५१७ साली मार्टिन लूथरने पापदंडाच्या माफीपत्रांविरुद्ध ९५ विधाने मांडली, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु त्यांपैकी ४३ वे आणि ४५ वे विधान क्वचितच वाचले जाते. गरिबाला देणारा किंवा गरजूला उसने देणारा हा माफीपत्र विकत घेणाऱ्यापेक्षा चांगले काम करतो, आणि गरजवंताला पाहून पुढे निघून जाणारा, पण माफीपत्रासाठी पैसे मोजणारा, देवाचा कोप विकत घेतो, असा त्यांचा आशय आहे. देवाशी सौदा आणि शेजाऱ्याकडे पाठ ही एकाच खिशातून होतात, हे लूथरने ओळखले होते. आपल्या काळात, २०१० साली केप टाउन येथे भरलेल्या, शुभवर्तमानप्रसारासाठी काम करणाऱ्या लोझान चळवळीच्या परिषदेनेही हीच चिंता आपल्या निवेदनात नोंदवली: देवाच्या चमत्काराच्या सामर्थ्यावरचा विश्वास न सोडता, आरोग्य आणि संपत्ती हा विश्वासणाऱ्याचा हक्क आहे व दानाचे बी पेरून तो मिळवता येतो, ही शिकवण तिने नाकारली.

या शिकवणीचा सर्वांत मोठा घाव दुःखी माणसाला बसतो. ज्या घरात प्रार्थना करूनही मूल दगावले, त्या घरी जाऊन कोणी म्हणते की विश्वास कमी पडला असेल, कोठेतरी लपलेले पाप असेल, उपास मध्येच सोडला असेल. असे बोलणारे प्रेमानेच बोलतात, पण त्या आईबापांचे मूल गेले आणि त्यावर ते आपल्यामुळे गेले हा आरोपही त्यांच्या पदरात पडला. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी असाच प्रश्न विचारला तेव्हा प्रभूने सांगितले की त्यानेही पाप केले नाही आणि त्याच्या आईबापांनीही नाही. शिलोहातला बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असे विचारून त्याने स्वतःच नाही म्हणून सांगितले. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरेशी आहे. तिघा इब्री तरुणांनी तापलेल्या भट्टीसमोर उभे राहून सांगितले की आमचा देव आम्हांला सोडवण्यास समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरीही आम्ही मूर्तीला नमणार नाही. "नाही तरीही" एवढे म्हणता येणे हाच तेथे विश्वास आहे, आणि भट्टीतून वाचण्याच्या आधी तो पूर्ण झाला होता.

येथे कोणी रास्तपणे विचारील की मग मागायचेच नाही काय, आणि शास्त्रात प्रतिफळाची इतकी वचने आहेत त्यांचे काय. मागावे, अवश्य मागावे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितली आहे, आणि गेथशेमाने बागेत त्याने स्वतः प्याला टळावा म्हणून मागितले. लेकराचे मागणे आणि सौदागराचे मागणे यांतला फरक नकार आल्यावर कळतो: सौदागर दुकान बदलतो, लेकरू रडते पण घर सोडत नाही. प्रतिफळाचे वचनही खरे आहे. परतफेड करू न शकणाऱ्यांना जेवायला बोलाव, असे सांगताना प्रभू म्हणतो की त्यांच्याकडे फेडायला काही नाही म्हणून तू धन्य होशील आणि नीतिमानांच्या पुनरुत्थानसमयी तुझी फेड होईल. मला हे वचन असे समजते, की फेड देवाच्या हाती सोपवलेली असल्यामुळे आज माणसांकडून ती वसूल करण्याच्या ओझ्यातून आपण मोकळे झालो आहोत. देव कोणाचे देणे लागत नाही. पौल रोमकरांस विचारतो की त्याला प्रथम कोणी काही दिले आणि त्याची फेड त्याला मिळेल. तो देतो ते औदार्याने देतो, आणि औदार्यावर हक्क सांगता येत नाही. त्याबद्दल आभार मात्र मानता येतात.

ही मोकळीक मिळाली म्हणजे सेवा सुरू होते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात नीतिमान लोक न्यायाच्या दिवशी चकित होतात. प्रभो, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले, तुरुंगात केव्हा भेटलो, असे ते विचारतात, कारण त्यांनी नोंद ठेवलेली नव्हती. भुकेला समोर होता, त्याला जेवू घातले, आणि ते विसरून गेले. सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी असेच केले. तिसऱ्या शतकाच्या मध्याला आलेक्सांद्रियात मरीचा फैलाव झाला तेव्हा तेथील बिशप दियोनिसियस याने लिहिले की मंडळीतले पुष्कळ जण स्वतःची पर्वा न करता आजाऱ्यांची शुश्रूषा करीत राहिले आणि त्यांच्याबरोबरच मरण पावले. विश्वासाने ते रोगापासून वाचले, असा दावा त्याने केला नाही. चौथ्या शतकात बिशप बासिल याने कप्पदुकियातील कैसरियाजवळ गरिबांसाठी आणि रुग्णांसाठी जे आश्रयस्थान उभारले, त्यात कुष्ठरोग्यांनाही जागा होती. ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेला सम्राट ज्युलियन याच्या नावे जतन झालेल्या एका पत्रात खेदाने नमूद केले आहे की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, आपल्याच नव्हे तर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाच्या लेखणीतून आलेली ही साक्ष मला मोलाची वाटते, कारण "आमच्याही" या शब्दात परक्यापर्यंत गेलेली, अट नसलेली प्रीती दिसते. आणि १८७३ साली हवाईतील मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेलेले फादर डेमियन त्यांच्या जखमा बांधत, त्यांची घरे आणि शवपेट्या बनवत तेथेच राहिले, त्यांनाही तोच रोग जडला, आणि १८८९ साली तेथेच त्यांना मरण आले. देवाशी केलेल्या कोणत्याही देवघेवीच्या भाषेत हे आयुष्य सांगता येत नाही.

सेवेविषयी एक अवघड गोष्टही बोलायला हवी. देवाशी सौदा करण्याची सवय लागलेला माणूस शेजाऱ्याशीही सौदाच करतो. औषध दिले, शिकवले, संकटात धान्य पोहोचवले, आणि मनात धरले की आता या घराने उपासनेला यावे. ते आले नाही तर पुढच्या वेळी मदतीच्या यादीतून नाव गळते. आपण शुभवर्तमान सांगावे, मोकळेपणाने आणि आनंदाने सांगावे, पण भाकरीला ती अट बांधू नये. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच, तोही शोमरोनी, आभार मानायला परतला; बाकीचे नऊ कोठे आहेत असे प्रभूने विचारले, त्याला ते लागले असणार, पण त्या नऊ जणांचे आरोग्य त्याने परत घेतले नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला त्याची उपासना कोणत्या डोंगरावर होते हे विचारले नाही. आणि लूकाच्या सहाव्या अध्यायात परत मिळण्याची आशा न धरता उसने देण्याची आज्ञा आहे, तिचे कारणही तेथेच दिले आहे: परात्पर देव कृतघ्न आणि दुष्ट यांच्यावरही उपकार करतो. कृतघ्नांवर उपकार करणाऱ्या देवाची मुले म्हणवून घेताना आभाराची पावती मागण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

पाळकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या पाचारणाच्या मुळाशी जो संवाद आहे तो तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावर झाला. आपल्याला तीन वेळा नाकारणाऱ्या पेत्राकडे प्रभूने झालेल्या चुकीची भरपाई मागितली नाही, पुढच्या निष्ठेची हमी मागितली नाही. माझ्यावर प्रीती करतोस काय, एवढेच विचारले, आणि प्रत्येक उत्तराबरोबर मेंढरांची काळजी त्याच्या हाती दिली. बदल्यात काय मिळेल तेही लपवले नाही: म्हातारपणी दुसरा कोणी तुझी कंबर बांधून तुझी इच्छा नसेल तेथे तुला नेईल. तरीही पेत्र प्रभूच्या मागे गेला. जो पूर्वी "आम्हांला काय मिळणार" असे विचारीत होता तोच हा पेत्र.

म्हणून काही गोष्टी आपणांकडे मागतो. साक्षींच्या वेळेत केवळ नोकरी लागलेल्यांना आणि बरे झालेल्यांना पुढे बोलावू नये. ज्याचा आजार तसाच आहे आणि जो तरीही स्तुती करतो, त्यालाही बोलावावे, आणि त्याच्या साक्षीला पुढच्या चमत्काराची प्रस्तावना करू नये. अर्पणाच्या वेळी मिळणाऱ्या आशीर्वादाचे आकडे सांगण्याऐवजी मागच्या अर्पणातून कोणाची कोणती गरज भागली ते, त्या माणसाची अब्रू सांभाळून, सांगावे. मला खात्री आहे की लोक कमी देणार नाहीत, आणि कमी दिले तरी जे देतील ते संतोषाने देतील. मंडळीचा जमाखर्च सभासदांपुढे मोकळा असावा आणि त्यात विधवा, अनाथ व परके यांच्या वाट्याला किती गेले ते वेगळे दिसावे. तरुणांना प्रार्थनेची तंत्रे शिकवण्याइतकाच वेळ त्यांना रुग्णालयात, वृद्धांच्या घरी, तुरुंगातल्यांच्या कुटुंबांकडे नेण्यास द्यावा, आणि तेथे कोणाला काही विकल्यासारखे न बोलता केवळ उपयोगी पडायला शिकवावे. वर्षानुवर्षे खुर्च्या मांडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, आजाऱ्यांना उचलणाऱ्या सभासदांचे आभार मानताना "देव तुम्हांला याची भरपाई करील" हे घाईचे वाक्य टाळून त्यांच्याबरोबर एकदा त्याच कामाला हात लावावा. त्यांना ते वाक्याहून अधिक काही देईल.

आणि सर्वांत आधी एक भेट व्हावी. आपल्या मंडळीत अशी काही घरे असतील, ज्यांनी मनापासून प्रार्थना केली, उपास केले, सांगितले तसे दिले, आणि तरी ज्यांचे माणूस गेले किंवा संसार मोडला, आणि जी त्यानंतर हळूहळू उपासनेला येईनाशी झाली. त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. आपण त्यांच्याकडे जावे, पुन्हा येण्याचा आग्रह करू नये, कारणे सांगू नयेत, ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस बसले तसे बसावे. आणि त्यांच्या विश्वासाविषयी मंडळीत पूर्वी काही बोलले गेले असेल तर ते चूक होते, असे वडीलजनांच्या वतीने त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

प्रभूमध्ये आपला नम्र,
मंडळीतील एक सभासद